मांजर घरभर शू करतंय: घरी काय जमतं, व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) काय, आणि नुसते पैसे कशात जातात

पडद्यावर फवारा, गादीवर थारोळं आणि शू-शीच्या ट्रेमध्ये जाऊन नुसतंच कुंथत बसणं, हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत, पण आपण तिन्हीला "इन्फेक्शन झालं असेल" म्हणतो आणि गुगल करून एकच उपाय तिन्हीला लावतो. त्यामुळे घरी की डॉक्टर हे ठरवायच्या आधी दोन मिनिटं मांजराकडे नीट बघा.

उभं राहून, भिंतीला पाठ करून, शेपटी ताठ वर आणि शेपटीचं टोक थरथरतंय, भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर ओली रेघ आणि डोकं उठेल असा वास, म्हणजे स्प्रे. हे हद्द आखणं आहे, आजार असेलच असं नाही. खाली बसून गादीवर नाहीतर कपड्यांच्या ढिगात मोठं थारोळं केलं तर ट्रे आवडत नसतो किंवा शूच जास्त होत असते (म्हाताऱ्या मांजरात किडनी, डायबेटिस बघून घ्या). आणि दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये जाणं, थेंब थेंब, कधी गुलाबी, ओरडणं, खालची जागा सतत चाटणं, हा मूत्राशयाचा त्रास.

आता यात एक केस अशी आहे जिथे तुलना बिलना काही नाही. बोका आहे, सारखा जोर लावतोय आणि थेंबही येत नाहीये, तर हे वाचणं बंद करा आणि निघा. बोक्याची मूत्रनळी खूप अरुंद असते, खड्यांचा चुरा आणि चिकट स्राव मिळून बूच बसतं, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडतं, २४ ते ४८ तासांत खेळ खलास होऊ शकतो. रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. पोट दाबून शू काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं. आणि शहाळ्याचं पाणी तर अजिबात पाजू नका, त्यात पोटॅशियमच भरपूर असतं. बऱ्याच जणांना हे बद्धकोष्ठ वाटतं कारण पोज तीच असते, म्हणून ट्रेमध्ये शूने झालेला मातीचा ओला गोळा आहे का ते आधी बघा.

भाटी असेल, किंवा बोका असून थोडी थोडी का होईना शू येतेय, खातंय, फिरतंय, तर थोडा वेळ आहे हातात (बोक्याला तरी त्याच दिवशी दाखवा). इथे घरगुती आणि व्हेट यांची खरी तुलना होते.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की १० वर्षांच्या आतल्या मांजरात बॅक्टेरियाचं खरं इन्फेक्शन फार कमी सापडतं. निम्म्याहून जास्त केसेसमध्ये मूत्राशयाला सूज असते पण जंतू नसतात, आणि मागे बहुतेक वेळा स्ट्रेस असतो: नवीन मांजर, घरात रंगकाम, पाहुणे, दिवाळीचे फटाके. ही सूज पुष्कळदा ५ ते ७ दिवसांत आपोआप बसते. बघा म्हणजे गंमत कशी होते, कोणी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, कोणी क्रॅनबेरीच्या गोळ्या, कोणी ॲपल सायडर व्हिनेगर, कोणी उरलेलं अँटिबायोटिक, आणि आठवड्याने मांजर बरं झालं की प्रत्येकजण आपापल्या उपायाला क्रेडिट देतो. महिन्याभराने परत होतं तेव्हा तोच उपाय "या वेळी लागू पडला नाही".

तर घरच्या उपायांपैकी मी पैसे कशावर लावेन? पाण्यावर. मांजरं मूळची कोरड्या प्रदेशातली, तहान लागली तरी ती फार पीत नाहीत, आणि आपण देतो कोरडं किबल (पाकिटातले दाणे) ज्यात पाणी जेमतेम १० टक्के. ओल्या फूडमध्ये ते ७५ ते ८० टक्के असतं. पाऊच महाग पडतात हे मान्य, सगळं नाही जमलं तर निम्मं तरी ओलं करा, किंवा चिकन उकडलेलं पाणी घाला (मीठ, कांदा, लसूण काहीही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी). दूध म्हणजे पाणी नव्हे, उलट हगवण लागते. कोकणातल्या मंडळींनी सुकट-सुके बोंबील बंद करा, मीठ आणि खनिजं भरमसाट.

पाण्याच्या खालोखाल घरातलं वातावरण. हे मोघम वाटतं, पण ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या टीमने २००६ मध्ये असा त्रास असलेल्या ४६ घरातल्या मांजरांचा अभ्यास छापला, १० महिने लक्ष ठेवून, त्यात लपायच्या जागा, चढायला उंच जागा, खेळणं, ट्रेची व्यवस्था असे बदल केल्यावर त्रास बऱ्यापैकी कमी झाला. गोळीने नाही हो, कपाटावर जागा करून दिल्याने. ट्रेचा हिशोब म्हणजे मांजरं जितकी त्याहून एक जास्त, आणि सगळे एकाच बाथरूममध्ये ओळीने ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे.

आता जे घरी करू नये ते. माणसांना जळजळीला देतात ती अल्कासोल, सिटाल छाप सिरप शू अल्कलाइन करतात, आणि स्ट्रुव्हाइट नावाचे खडे अल्कलाइन शूमध्येच होतात, म्हणजे आगीत तेल. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम तर हातही लावू नका, पॅरासिटामोलची एक ५०० ची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. उरलेलं अँटिबायोटिक दिलं तर नंतर कल्चर (शूमधले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) केलं तरी जंतू सापडत नाहीत आणि डॉक्टरही अंधारात.

व्हेटकडे गेल्यावर नेमकं काय जास्तीचं मिळतं? तपासणी, आणि वेदनेचं सुरक्षित औषध. शू तपासणी आणि सोनोग्राफी केली की खडे आहेत की नाहीत कळतं. स्ट्रुव्हाइट असतील तर युरिनरी डाएटने (रॉयल कॅनिन, हिल्स वगैरेंचं असतं) बरेचदा काही आठवड्यांत विरघळतात, ऑपरेशन टळतं. कॅल्शियम ऑक्झलेट असतील तर कुठलंही फूड, कुठलाही काढा ते विरघळवत नाही. म्हणून ते महागडं पोतं ऑनलाइन आपल्या मनाने मागवणं मला पटत नाही, शिवाय पिल्लं, गाभण भाटी आणि किडनीचं मांजर यांना ते विचारल्याशिवाय देऊच नये. १० च्या पुढचं मांजर, त्यात डायबेटिस किंवा किडनीचा त्रास, तिथे मात्र इन्फेक्शन खरंच असण्याचे चान्सेस वाढतात, तेव्हा कल्चर करून मगच अँटिबायोटिक घ्या.

खर्च वाचवायचा तर शू घरी गोळा करता येते: ट्रे धुवून कोरडा करा, लिटरऐवजी (ट्रेमधल्या मातीऐवजी) फिश टँकचे धुतलेले खडे घाला, मांजर जाऊन आलं की बिनसुईच्या सिरिंजने ओढून घ्या आणि तासा-दोन तासांत लॅबला. कल्चरला ही चालत नाही, ती डॉक्टर पोटातून सुईने काढतात. खाजगी क्लिनिक परवडत नसेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई हे प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, नागपूर आणि शिरवळला व्हेटर्नरी कॉलेजं आहेत.

स्प्रेचं गणित वेगळं. नसबंदी न केलेला बोका असेल तर बाकी सगळे उपाय बाजूला ठेवा, नसबंदीने १० पैकी साधारण ९ बोक्यांचा स्प्रे बंद होतो किंवा खूप कमी होतो, फक्त हार्मोन उतरायला काही आठवडे द्या. "नसबंदी केली की बोक्याची शू अडते" हे सोसायटीत कोणीतरी सांगतंच, पण नसबंदीने मूत्रनळी अरुंद होते असं अभ्यासात दिसलेलं नाही. वजन वाढतं, आणि जाड्या आळशी बोक्यांना त्रास जास्त, म्हणून खाणं मोजून द्या.

नसबंदी झालेलं मांजर स्प्रे करत असेल तर फेलिवे डिफ्युझर (मांजराला शांत करणारा गंध सोडणारं, प्लगला लावायचं यंत्र) आणि खिडकी यात आधी खिडकी. गॅलरीत बाहेरचा बोका येऊन बसतो का बघा, काचेच्या खालच्या भागाला कागद चिकटवा, फुकटात होतं. डिफ्युझरने फरक पडतो पण सगळ्यांना नाही, रिफिल महिनाभरच चालतं, आणि एका मोठ्या खोलीपुरतंच. तरी नाही थांबलं तर फ्लुओक्सेटिनसारखं औषध असतं, ते व्हेटनेच द्यायचं आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मांजरावर ओरडणं, त्याचं नाक शूमध्ये घासणं याने स्ट्रेस वाढतो आणि स्प्रे पण.

पुसायला फिनेल आणि डेटॉल नको, मांजराच्या लिव्हरला फिनॉलची द्रव्यं पचत नाहीत आणि ते पाय चाटतंच. एन्झाइम क्लीनर घ्या, नाहीतर एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात फिरवलात तर कुठे कुठे उडालंय ते सगळं चमकतं (बघून रडू येईल, पण बघा). कोपऱ्यात डांबरगोळ्या टाकणं तर सरळ विषप्रयोग आहे. दारात निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवा हवं तर, मांजर त्यांच्यावरही स्प्रे करेल.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझा क्रम असा: नसबंदी न केलेला, स्प्रे करणारा बोका असेल तर नसबंदी. थेंब थेंब शू करणारा बोका असेल तर शू तपासणी आणि सोनोग्राफी, आजच, कारण उद्या तोच अडू शकतो. तरुण भाटी, पहिल्यांदाच त्रास, खातेय पितेय, तर एक-दोन दिवस ओलं खाणं आणि शांत खोली देऊन बघायला हरकत नाही, रक्त दिसलं किंवा खाणं सोडलं की न्यायची.