बेल्टचा ताण मोजायला काय घ्यावं: स्प्रिंगचं गेज, फोनचं ॲप की बॅगा तोलायचा काटा?

इलेक्ट्रिक मोटरसायकलचा, मोटरची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा बेल्ट अंगठ्याने दाबून 'ठीक आहे' म्हणणारे मेकॅनिक अजून भेटतात. चेनला ते चालून जातं, कारण चेनमध्ये मुद्दाम ढील ठेवलेली असते. दातेरी बेल्टला ढील नको, ताण हवा, आणि तोही मोजून. रिव्होल्ट आरव्ही400 सारखी बेल्टची गाडी असेल तर घरी एक मोजायचं साधन असायलाच हवं. (अल्ट्राव्हायोलेट एफ77 ला चेन आहे, तिच्या मालकांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.)

निकाल आधीच सांगतो: स्प्रिंगचं गेज घ्या, ॲप फुकट आहे म्हणून फोनमध्ये ठेवा, आणि बॅगा तोलायचा काटा गावाला जाताना वापरा.

गेज म्हणजे हार्ले-डेव्हिडसनच्या बेल्टसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेला प्रकार. आत स्प्रिंग असलेली दांडी, वर बेल्टला टेकायला चपटी टोपी, बाजूला खुणा आणि त्यावर सरकणारी एक ओ-रिंग. ओ-रिंग 10 पौंडांच्या खुणेवर ठेवायची, म्हणजे साधारण 4.5 किलो. मग दोन पुलींमधल्या (दातेरी चाकांमधल्या) मोकळ्या भागाच्या बरोबर मध्यावर बेल्ट खालून दाबायचा. ओ-रिंग दांडीच्या कडेला टेकली की थांबायचं आणि बेल्ट किती मिलिमीटर उचलला गेला ते पट्टीवर वाचायचं. किती जोर आणि किती मिलिमीटर हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलंच घ्यावं, दुसऱ्या मॉडेलचा आकडा उसना घेऊ नये.

ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या गेजवर डोळे झाकून विश्वास नको. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ते उभं दाबून बघा. 10 पौंडांच्या खुणेला काट्यावर 4.5 च्या आसपास आलं पाहिजे. 4 किंवा 5 आलं तर गेज फेकायची गरज नाही, काट्यावर 4.5 दिसेल तिथे मार्करने आपली खूण करा. खरी अडचण पट्टीची होते. चुंबकाची पट्टी ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या भुजेला) चिकटत नाही, त्यामुळे छोटा क्लॅम्प किंवा चिकटपट्टी लागते. पट्टी हातात धरून वाचलेल्या आकड्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज येतो आणि मग गेज घेऊन काही साधलं नाही. कारच्या फॅनबेल्टसाठी मिळणारं, दाबल्यावर 'टक्' करणारं गेज इथे घेऊ नका, त्यावरचे आकडे व्ही-बेल्टसाठी (इंग्रजी 'व्ही' आकाराच्या बिनदाती बेल्टसाठी) असतात.

आता ॲप. तत्त्व तंबोऱ्याच्या तारेचं: ताण वाढला की सूर चढतो. बेल्ट छेडायचा, फोन त्याची कंपनसंख्या हर्ट्झमध्ये सांगतो. सायकलच्या बेल्टसाठी गेट्सचं कार्बन ड्राइव्ह ॲप आहे, शिवाय आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज, याचा आलेख) दाखवणारी कितीतरी मोफत ॲप आहेत. पण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि खोट इथेच आहे. समजा बेल्ट 25 मिमी रुंद, वजन मीटरला 145 ग्रॅम आणि मोकळा भाग 500 मिमी. 50 हर्ट्झला ताण येतो सुमारे 37 किलो. 55 झाला तर ताण 21 टक्क्यांनी वाढला. 100 झाला तर चौपट, म्हणजे 150 किलोच्या घरात, आणि तो सगळा भार मोटरच्या बेअरिंगवर.

आता आपल्याकडची गंमत. भारतात वीज 50 हर्ट्झची. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये एक्झॉस्ट पंखे, पंपाच्या मोटरी, ट्रान्सफॉर्मर, शेजारी चार्ज होणारी गाडी, हे सगळं 50 आणि 100 हर्ट्झला गुणगुणत असतं. ॲपला तेच ऐकू येतं, आणि बेल्ट ढिला असो की घट्ट, स्क्रीनवर 50 ठाण मांडून बसतो. म्हणून आधी बेल्ट न छेडता अर्धा मिनिट स्क्रीन बघा. तिथे 50 किंवा 100 ला सुळका दिसत असेल तर गाडी बाहेर काढा. घोडबंदर रोडला लागून असलेल्या सोसायटीत बाहेर ट्रकची घरघर असते, ती स्क्रीनवर डाव्या टोकाला, खालच्या आकड्यांत दिसते. पहाटे किंवा रात्री उशिरा मोजलेलं बरं.

दुसरी गोष्ट ॲपच्या सेटिंगची. आवाजाचे 44,100 नमुने सेकंदाला आणि एफएफटी (ॲप एका वेळी किती नमुने तपासतं तो आकडा) 8192 असेल तर दोन शेजारच्या आकड्यांत 5.4 हर्ट्झचं अंतर पडतं. तेवढ्या भरड मोजमापात वरच्या उदाहरणातले 37 किलो प्रत्यक्षात 33 ही असू शकतात आणि 41 ही. एफएफटी 32768 वर नेलं की अंतर 1.35 हर्ट्झवर येतं, ते पुरतं. फोनचा माइक बेल्टच्या मध्यावर, दीड-दोन सेंटिमीटरवर, न टेकवता धरा आणि बेल्टही मध्यावरच छेडा. टोकाला छेडला तर दुप्पट सूर जोरात उठतो आणि ॲप तोच पकडतं. बेल्ट ओला किंवा चिखलाचा असेल तर जड झाल्यामुळे आकडा खाली येतो, तेव्हा पावसाळ्यात आधी धुऊन-सुकवून मग मोजा.

बॅगा तोलायचा हुकाचा काटा काही शे रुपयांत येतो आणि काही जण त्यानेच बेल्ट खाली ओढून मोजतात. हुक बेल्टला तिरका लागतो, काठ चेपतो, आणि आकडा 'होल्ड' होईपर्यंत हात हललेला असतो. शिवाय काठ दुमडला तर आतले कार्बनचे किंवा ॲरमिडचे दोर तुटू शकतात, ते बाहेरून दिसतही नाही. नको.

साधन कुठलंही असो, मोजण्याची रीत चुकली तर आकडा खोटाच. फिरवून आणलेल्या गाडीचा बेल्ट लगेच मोजू नका. पुली आणि स्विंगआर्म तापून फुगलेले असतात, बेल्टचे दोर त्या मानाने ताणले जात नाहीत, म्हणून गरम गाडीत ताण जास्त दिसतो. किल्ली काढा, मुख्य वीज बंद करा. इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही, आणि बोट पुलीत गेलं तर परत येत नाही. गाडी साइडस्टँडवर मोजायची की मागचं चाक उचलून, हे मॅन्युअल सांगेल. मोटर चासीवर बसवलेली असेल तर स्विंगआर्म वरखाली झाला की दोन पुलींमधलं अंतर बदलतं, त्यामुळे हा तपशील किरकोळ नाही.

चाक हाताने पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी मोजा. कुठलीच पुली शंभर टक्के गोल बसलेली नसते. जिथे बेल्ट सर्वांत घट्ट लागेल तिथे टायरवर खडूची खूण करा आणि ताण त्याच जागी लावा. ढिल्या जागी लावला तर अर्ध्या फेऱ्यानंतर बेअरिंगवर जादा भार येतो.

ॲक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर एका वेळी पाव आटा फिरवा. ॲडजस्टरचा बोल्ट एम8 (8 मिमी जाडीचा) असेल तर त्याचा साधा आटा 1.25 मिमीचा असतो, म्हणजे पाव आट्याला ॲक्सल 0.3 मिमी सरकतो. स्विंगआर्मवर छापलेल्या रेघांवर विसंबू नका, पिव्हटच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजा. मग चाक फिरवून बेल्ट पुलीच्या कडेला घासत जातोय का ते बघा. घासत असेल तर एकाच बाजूचा ॲडजस्टर हलवायचा, तोही पाव आट्यापेक्षा कमी. चाक पायाने पुढे रेटून धरत नट टॉर्क पान्याने आवळा आणि ताण पुन्हा मोजा. नट आवळताना तो बदलतोच, आणि गॅरेजमध्ये नेमकं हेच दुसरं मोजमाप गाळलं जातं.

ताण कमी पडला तर जोरात थ्रॉटल दिल्यावर दात उडी मारतो आणि 'टक्' असा आवाज येतो. इलेक्ट्रिक गाडीत हे लवकर घडतं, कारण मोटरचा टॉर्क शून्यापासूनच पूर्ण असतो. रीजनमध्ये (मोटरच ब्रेक होऊन बॅटरी चार्ज करते तेव्हा) तर ताणाची बाजूच उलटते, थ्रॉटल सोडताक्षणी जी बाजू ढिली होती ती ओढली जाते. ताण जास्त झाला तर वेगाबरोबर चढणारी शिट्टी, जड फिरणारं चाक आणि काही काळाने मोटरच्या बेअरिंगचा खर्च. नुसती चीं-चीं मात्र बहुतेकदा धुळीची असते. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. चेनचा स्प्रे किंवा तेल बेल्टवर कधीच नाही.

महापे-शिळफाटा रस्त्यावर डंपरच्या मागे चालवणाऱ्यांनी मोजण्याआधी बेल्टची आतली बाजू टॉर्च लावून बघावी. खडी पुलीत अडकली की बेल्टला भोक पडतं. मध्यभागी बारीक भोक असेल तर लक्ष ठेवून काही काळ चालवता येतं, काठाला असेल तर बेल्ट बदला, ताण लावून उपयोग नाही.

नवा बेल्ट सुरुवातीला पुलीवर बसताना ताण सोडतो, म्हणून पहिल्या सर्व्हिसला तो मोजून घ्यायलाच हवा. गाडी वॉरंटीत असेल तर ॲडजस्टरला स्वतः हात लावू नका, फक्त मोजा आणि सर्व्हिस सेंटरला जॉबकार्डवर तीन गोष्टी लिहायला लावा: लावण्याआधीचा आकडा, नट आवळल्यानंतरचा आकडा, आणि मोजलं कशाने. 'बेल्ट टाइट केला' एवढंच लिहिलं असेल तर गाडी घेऊन निघण्याआधी तिथेच गेज लावून दाखवा.