मुलांचा डबा सजवायचा, पण कसा? साचा, रंग की मुलाच्याच हाती वाट्या

डबा रिकामा होऊन यावा म्हणून पोळी-भाजी जरा गमतीने मांडायची, इथपर्यंत बहुतेक घरांत एकमत असतं. अडतं ते पद्धतीपाशी. सकाळच्या घाईत काय जमतं आणि मोठ्या सुट्टीपर्यंत काय टिकतं, हे दोन्ही बघूनच निवड करावी.

पुण्यात तुळशीबागेच्या बाजारात गेलात की चांदणी, बदाम, फुलपाखरू असे साचे लगेच घ्यावेसे वाटतात. सँडविच, पनीर, काकडी यांवर ते सुरेख चालतात. भाजलेल्या पोळीवर मात्र नकोत: पापुद्रे सुटतात, कापलेल्या कडा दुपारपर्यंत कडक होतात आणि उरलेल्या तुकड्यांची रोज फोडणीची पोळी करावी लागते. साचा वापरायचाच तर लाटलेल्या पुरीवर वापरा, उरलेली कणीक पुन्हा मळता येते. आणि खरं सांगू? घरात करंजीचं कातणं असेल तर तेच काढा. पराठ्याच्या नागमोडी पट्ट्या झटपट होतात, वायाही काही जात नाही.

रंगांची पद्धत मला जास्त आवडते, कारण तिच्यात सजावटीबरोबर भाजीही पोटात जाते. पण प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा. बिटाचा रंग तव्यावर उतरतो, म्हणून पराठ्यापेक्षा दहीभातात किंवा कोशिंबिरीत कच्चं किसलेलं बीट जास्त खुलतं. लिंबाने तो टिकतो, सोड्याने पिवळट पडतो. पालकाचं उलटं: लिंबू घातलं की हिरवा रंग मळकट होतो. पानं उकळत्या पाण्यात झाकण न ठेवता मिनिटभर ठेवा, लगेच गार पाण्यात टाका, मग वाटून कणकेत घाला. बीट खाल्ल्यावर काही मुलांना लघवी गुलाबी होते, त्याला घाबरू नका.

तिसरी पद्धत म्हणजे वाट्या मांडून मुलालाच रचू द्यायचं. ही डब्यासाठी नाही, शनिवारच्या संध्याकाळसाठी. पुण्याच्या घराला एसपीडीपीची, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरीची, सवय असतेच. पुऱ्या, उकडलेला बटाटा, मोडाची मटकी, किसलेलं गाजर, दही, शेव, डाळिंबाचे दाणे समोर ठेवा आणि पुरीवर डोळे-नाक करू द्या. स्वतः रचलेल्या पुरीतली मटकी मूल सहसा बाजूला काढत नाही. पसारा होतो, तेवढी तयारी ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र अख्खी द्राक्षं, अख्खे शेंगदाणे नकोत, टूथपिक तर मुळीच नको. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा.

रोज पहाटे पाच-दहा मिनिटंच हाताशी असतील तर पालकाच्या पुऱ्या आणि कातणं निवडा. तेवढाही वेळ नसेल त्या दिवशी उपमा किंवा दहीभात तूप लावलेल्या वाटीत दाबून मूद पाडा आणि वर डाळिंबाचे चार दाणे ठेवा. साचे घ्यायचेच असतील तर एकदोन पुरेत, तेही काठ बोथट नसलेले आणि धुवायला सोपे.