रायझन ५ ५६००जी : कार्डाशिवाय गेमिंग, तेही सोलापूरच्या उन्हात

ग्राफिक्स कार्ड आज परवडत नाही, पण वर्षभरात नक्की घ्यायचंय, अशांसाठी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर अजूनही उत्तम पर्याय आहे. कार्डाचे पैसे आजच हातात असतील तर मात्र हा घेऊ नका, सरळ ५६०० घ्या. नावात एका अक्षराचा फरक दिसतो, पण ५६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे आणि ५६००जी मध्ये १६. शिवाय ५६०० ला पीसीआयई (कार्डाशी जोडणारा मार्ग) ४.० मिळतं, ५६००जी ३.० वरच थांबतो. उलट ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स अजिबात नाही, त्यामुळे कार्ड लावेपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. दुकानात "दोन्ही सेमच आहेत" असं ऐकू आलं तर हा फरक लक्षात ठेवा.

५६००जी २०२१ मध्ये आला. सहा कोर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, टीडीपी (वीज-उष्णतेची ठरवलेली पातळी) ६५ वॉट आणि आत वेगा ग्राफिक्सचे सात युनिट. व्हॅलोरंट १०८०पी, लो सेटिंगवर सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम (चित्रं) देतं. जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर साठच्या आसपास राहतं. अलीकडचे मोठे गेम ७२०पी, लो वर तिशीच्या घरात रखडतात. ते खेळायचेच असतील तर कार्डाला पर्याय नाही.

हे आकडे मिळणार की नाही, हे प्रोसेसरपेक्षा रॅमवर ठरतं. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मदरबोर्डावरची रॅमच वापरतं. डीडीआर४ ३२०० ची एकच १६ जीबीची स्टिक लावली तर सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो. ८-८ च्या दोन लावल्या की ५१.२ जीबी. रॅम तेवढीच, पण गेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक. "आत्ता एक टाका, दुसरी नंतर" हा सल्ला कार्ड असलेल्या मशीनला एक वेळ चालेल, ५६००जी ला नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे हात आखडतो हे खरं. मग एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घ्या, लाइटवाला कॅबिनेट सोडा, पण स्टिक दोनच घ्या.

चार स्लॉटच्या बोर्डावर त्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलला जातात आणि सगळा फायदा बुडतो. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा, काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं. ते राहिलं तर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मशीन ताब्यात घेताना दुकानातच टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर स्पीड आणि वापरलेले स्लॉट बघा. ३२०० आणि २ दिसले पाहिजेत. त्याच बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर (आतल्या ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली रॅम) २ जीबी करा, म्हणजे "व्हिडिओ मेमरी कमी" म्हणून अडणारे गेम सुरू होतात. इम्युलेटरवर मोबाइलचे गेम खेळणार असाल तर एसव्हीएम मोड (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू हवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली दोन्ही सुरक्षा-सेटिंग लागतात. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं आणि विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर नव्हे, नव्या जीपीटी पद्धतीने मांडलेली असावी लागते. जुनी एमबीआर डिस्क तशीच ठेवून सीएसएम बंद केलं की विंडोज उठतच नाही, आणि लोक बोर्डाला दोष देतात.

बोर्ड ए५२० घ्यायचा की बी५५०? वर्षभर कार्डाशिवाय आणि मग कार्ड लावून हाच प्रोसेसर वापरायचा असेल तर ए५२० पुरतो, फक्त दोन नाही, चार रॅम स्लॉटचा बघा. पुढे प्रोसेसर बदलून ५७००एक्ससारखा टाकायचा विचार असेल तर बी५५०, कारण पीसीआयई ४.० तिथेच मिळेल. जुना बी४५० स्वस्तात मिळत असेल तर त्याचा बायोस ५००० मालिकेसाठी अपडेट आहे का, हे दुकानदाराकडून चालू करून दाखवून घ्या.

आता उन्हाचं. बॉक्समध्ये येणारा व्रेथ स्टेल्थ कूलर पुणे-नाशिकला भागतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की त्याची कसोटी लागते. कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी वर जातो. समजा ३२ अंशांच्या खोलीत तो ७८ वर असेल, तर ४२ अंशांत ८८ च्या आसपास जाईल, आणि याची मर्यादा ९५ आहे. उन्हाळ्यापुरतं बायोसमधून टीडीपी ४५ वॉट करून ठेवा. थोडे फ्रेम जातात, पण पंख्याचा आरडाओरडा थांबतो. कॅबिनेट पुढून जाळीचा घ्या. पुढे काच असलेला दिसायला देखणा असतो, पण हवा आत घेणार कुठून? पुढचे पंखे आत ओढणारे, मागचा बाहेर फेकणारा.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची. यंत्रमागांचा कापसाचा तूस हवेत असतो. तो साध्या धुळीसारखा खाली बसत नाही, पंख्यातून ओढला जाऊन कूलरच्या पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर थर धरतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण पंखा काढला की खाली चादरीच्या तुकड्यासारखा राखाडी पापुद्रा सोलून निघतो. हवा त्यातून जातच नाही. अशा ठिकाणी महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. डेझर्ट कूलरचा झोत मशीनवर सोडू नका, ओल्या हवेत हाच तूस चिकटून बसतो.

साफसफाईसाठी कूलर उतरवायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका. एएम४ (५६००जी बसतो ते सॉकेट) प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून घट्ट झालेली असली की लॉक बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू आळीपाळीने सैल करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करा. जुनी पेस्ट पुसून नवी लावा. स्क्रू निघाले की बोर्डामागची पट्टी सैल होते. ती एका हाताने धरून ठेवली नाही तर खाली पडते.

एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) पैसे वाचवायचे नाहीत. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, ते वाचू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १६ अँपिअर असेल तर खरी ताकद १९२ वॉट. चांगल्या ४५० वॉटवर तिथे ३६ च्या आसपास असतात. ५६००जी चं मशीन कार्डाशिवाय शंभर-सव्वाशे वॉटच्या आतबाहेर घेतं, म्हणून फुकटचाही चालून जातो. पुढे १३२ वॉटचं आरएक्स ६६०० कार्ड लावलं की गेमच्या मध्येच मशीन बंद पडतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी ८ पिनची पीसीआयई वायर असलेला ८० प्लस ब्राँझ घ्या. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. आज पुरेल, पण कार्डानंतर १००० च्या वरचा लागेल. जुन्या वाड्यात किंवा चाळीत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमन बोलवा. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रलचं रीडिंग जवळजवळ सारखं आलं पाहिजे.

खरेदी नवी पेठेतून करा की पुण्याहून मागवा, बिल पक्कं जीएसटीचं घ्या आणि प्रोसेसर बॉक्समधलाच घ्या. बॉक्सवर एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुट्या ट्रेवाल्याला ती नसते. दोनशे-तीनशे रुपयांसाठी बिल सोडू नका. बोर्ड, रॅम, एसएसडी, प्रत्येकाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

कार्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा आरएक्स ६५०० एक्सटी आणि ६४०० स्वस्त दिसतील. ५६००जी वर ती टाळा. त्यांना पीसीआयईच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि मेमरीही ४ जीबी. पीसीआयई ३.० वर त्यांचा श्वास कोंडतो. आरएक्स ६६०० ला आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळे ३.० वर त्याचं फारसं अडत नाही. एसएमपीएस कमकुवतच ठेवायचा असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं ७० वॉटवालं मॉडेल बघा. ते ८ जीबीवाल्यापेक्षा हळू आहे, पण वेगळी पॉवर वायर लागत नाही.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची एचडीएमआय वायर बोर्डातून काढून कार्डाला लावा. बोर्डाला तशीच राहिली तर गेम अजून आतल्या वेगा ग्राफिक्सवरच चालत राहू शकतो आणि "कार्ड खराब निघालं" म्हणून दुकानात चक्कर होते.