कासवाच्या घरट्यातलं तापमान-बटण: थर्मोक्रॉन डीएस१९२१जी

शर्टाच्या बटणाहून थोडं मोठं, १७ मिलिमीटर रुंदीचं स्टीलचं बटण. आत घड्याळ, तापमापक, बॅटरी आणि २०४८ नोंदी मावतील एवढी जागा. गोव्यातल्या मोरजी, आगोंद, गालजीबागसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात हलवून उबवणाऱ्यांसाठी ही वस्तू चांगली आहे. पण घरटं चालू असताना ती काहीच सांगत नाही, हे आधी समजून घ्या. पिल्लं निघाल्यावर बटण उकरून संगणकाला जोडलं की मगच आकडे दिसतात. ज्या घरट्यात ठेवलं, त्याला उपयोग शून्य. उपयोग होतो तो पुढच्या हंगामात चुडतांची सावली कुठे आणि किती धरायची हे ठरवायला. मार्चमध्ये पुळण तापल्यावर आजचं घरटं वाचवायचं असेल, तर वायरचा प्रोब (वायरीच्या टोकाचा तापमापक) बाजूच्या वाळूत त्याच खोलीवर पुरून रोज वाचायला हवा.

नोंदींचं अंतर एक तास ठेवा. २०४८ तास म्हणजे ८५ दिवस, आणि अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात. अर्ध्या तासाचं अंतर ठेवलं तर ४२ दिवसांत जागा भरते आणि शेवटचे, सगळ्यात तापलेले दिवस हातचे जातात. जुन्यावर नवं लिहिण्याची सोय चालू असेल तर उलट सुरुवातीचे दिवस पुसले जातात.

खरी उणीव अचूकतेची. चूक एक अंश इकडे-तिकडे असू शकते आणि आकडा अर्ध्या अंशाच्या पायरीने बदलतो. पिल्लू नर की मादी हे घरट्याच्या उबेवर ठरतं. नर-मादी समसमान होण्याचं तापमान २९ ते ३१ अंशांच्या पट्ट्यात असतं, त्याहून ऊब वाढली की माद्या वाढतात. म्हणजे एका अंशाच्या चुकीने सगळा हिशोबच उलटतो. हंगामाआधी सगळी बटणं पिशवीत बंद करून २५ आणि ३२ अंशांच्या पाण्यात, खात्रीच्या तापमापकाशेजारी बुडवा आणि प्रत्येकाचा फरक त्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. हे केलं नाही तर लिंगाबद्दल बोलूच नये. ३५ अंशांच्या आसपास बराच वेळ राहून अंडी मेली का, एवढं मात्र तसंही कळतं.

ओल आणि खार हे याचे वैरी. बटण पूर्ण जलरोधक नाही, म्हणून रबरी फुग्यात दोनदा बांधा.

अंडी घातल्यापासून काही तासांतच हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की तुटून मरतो. म्हणून बटण आधीच चालू करून हाताशी असावं. निम्मी अंडी ठेवून झाली की मध्ये ठेवायचं आणि त्याला बांधलेला दोरा खड्ड्याच्या कडेने वर आणायचा, म्हणजे पिल्लं त्यात गुरफटत नाहीत. विसरलात तर विसरलात, घरटं पुन्हा उघडू नका. दुसरं बटण मीटरभर दूर रिकाम्या वाळूत, तेवढ्याच खोलीवर पुरा. शेवटच्या दिवसांत वाढणारे गर्भ स्वतःच घरटं तापवतात. ती ऊब आणि वाळूची ऊब वेगळी काढायची तर हे दुसरं बटण लागतंच.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावता येत नाही.

घेताना संगणकाला जोडायचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, तो धरूनच खर्च काढा. वापरलेली बटणं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका: बॅटरी आत सीलबंद असते, बदलता येत नाही, आणि किती उरली ते बाहेरून कळत नाही.