फायबर इंटरनेटची आगाऊ बिलिंग पद्धत: रकमेआधी तारखा वाचा

महिन्याचं भाडं आगाऊ घ्यायचं आणि मग महिनाभर सेवा द्यायची, ही घरगुती फायबर कनेक्शनमध्ये सर्रास दिसणारी पद्धत. मुळात ती चांगली आहे. बिल दर महिन्याला जवळपास सारखं येतं आणि थकबाकी साचत नाही. वाद होतात ते बहुतेक तारखांवरून.

पहिल्या बिलाने अनेकजण दचकतात. बिलाचं चक्र 1 तारखेपासून असेल आणि कनेक्शन 11 तारखेला सुरू झालं, तर 30 दिवसांच्या महिन्यात उरलेल्या 20 दिवसांचं भाडं आणि पुढचा पूर्ण महिना आगाऊ, असं मिळून पावणेदोन महिन्यांच्या आसपास भाडं एकदम येतं. इन्स्टॉलेशन आणि राउटरची अनामत वेगळी. यात चूक काही नाही. महिन्याच्या मध्येच प्लॅन बदललात, तर मात्र जुन्या प्लॅनच्या न वापरलेल्या दिवसांची वजावट बिलात स्वतंत्र ओळीत दिसली पाहिजे. ती ओळ नसेल तर त्या दिवसांचे पैसे दोनदा लागलेत असं समजा.

प्रीपेडमध्ये 'महिना' शब्दावर जाऊ नका, वैधतेचे दिवस मोजा. 30 दिवसांच्या 12 रिचार्जमध्ये 360 दिवस भरतात. 28 दिवसांचा प्लॅन असेल तर वर्षाला 13 रिचार्ज लागतात.

विलंब शुल्क टक्क्यांत असेल तर ते परवडतं की नाही ते वर्षाच्या हिशेबात बघा. महिना 2 टक्के, तेही चक्रवाढीने, म्हणजे वर्षाला जवळजवळ 27 टक्के. शिवाय भरणा धरला जातो तो पैसे कंपनीकडे जमा झाल्याच्या तारखेला. बँक ट्रान्सफर करताना ग्राहक क्रमांक लिहायचा राहिला, तर पैसे पोचतात पण कुणाच्या खात्यावर टाकायचे ते कळत नाही, आणि तुमचं बिल थकीतच दिसतं.

ऑटोपे सोयीचं आहे, आम्ही ते जरूर सुचवू. फसतं ते तीन कारणांनी: कार्डाची मुदत संपते, खात्यात शिल्लक नसते किंवा मंजूर केलेली कमाल मर्यादा नव्या बिलापेक्षा कमी पडते. तिसरं कारण प्लॅन वाढवल्यावर हमखास उद्भवतं. ऑटोपे फसल्याचा मेसेज आला की घाईने हाताने पैसे भरू नका. यंत्रणा पुन्हा प्रयत्न करणार आहे का, कधी, हे आधी विचारा, नाहीतर रक्कम दोनदा कापली जाते.

सगळ्यात कच्चं कलम सेवा बंद पडल्यावरच्या सवलतीचं. 99.5 टक्के सेवेची हमी म्हणजे 30 दिवसांत 3.6 तास बंद चालेल, एवढाच अर्थ. त्यात 'सलग 24 तास बंद असल्यासच सवलत' अशी अट असेल, तर 9-9 तास तीनदा लाइन गेली तरी हाती काही येत नाही, बंद वेळ 27 तास भरूनही. मोजणी बऱ्याचदा तक्रार नोंदल्यापासून होते, लाइन गेल्यापासून नाही. म्हणून तक्रार क्रमांक त्याच क्षणी घ्या. ही सलगची अट असलेल्या कंपनीला आम्ही चांगले गुण देणार नाही.

वार्षिक प्लॅन घेण्याआधी परताव्याचं सूत्र विचारा. 10 महिन्यांच्या पैशात 12 महिने घेतले आणि सहाव्या महिन्याअखेर सोडलं, तर वाटतं 5 महिन्यांचे पैसे परत येतील. पण वापरलेले महिने मासिक दराने धरले तर 4 महिन्यांचेच मिळतात.

कनेक्शन सोडताना अर्ज लेखी द्या आणि सेवा कोणत्या तारखेला बंद होणार ते लेखी घ्या. फक्त पैसे भरणं थांबवलं तर सेवा तात्पुरती बंद होते, भाडं मात्र कधीकधी चालूच राहतं. राउटर, ओएनटी (फायबरची तार जिला जोडतात ती घरातली छोटी पेटी) आणि दोन्हींचे अडॅप्टर परत करताना सिरियल नंबर लिहिलेली पोच घ्या, त्याशिवाय अनामत अडकते. ऑटोपेची परवानगी बँकेकडून वेगळी रद्द करावी लागते. शेवटचं बिल भरून झाल्यावरच ती रद्द करा.