नाव छापलेलं गोष्टीचं पुस्तक, आठ महिन्यांनंतर: नाव बरोबर, क्रियापद चूक

चार वर्षांच्या मुलीच्या पुस्तकात नवव्या पानावर छापलंय, ‘मी रागीट आहे.’ पुढच्या पानावर, ‘मी सगळ्यांशी मिळून खेळतो.’ नाव मुलीचं, चित्र मुलीचं, दोन वेण्यासुद्धा आहेत, आणि क्रियापद मुलाचं. मागवताना फॉर्मवर मुलगा की मुलगी हे विचारलं होतं. त्या उत्तराने फक्त चित्रातले केस बदलतात, हे पुस्तक हातात आल्यावर कळलं. तक्रार केली तर उत्तर आलं की नाव बरोबर छापलेलं आहे, आणि नाव घालून बनवलेली वस्तू परत घेत नाहीत. साडेसातशे रुपये, वर पाठवणीचे ऐंशी.

बालवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर अशी तयार पुस्तकं आणि हाताने केलेली पुस्तकं आठ महिने शेजारी शेजारी वापरल्यावर हे लिहिलंय. तयार पुस्तकाची छपाई उत्तम आहे, रंग अजून तसेच आहेत. बांधणी मात्र डिंकाची. पुस्तक पूर्ण उघडून जमिनीवर ठेवलं की कणा तडकतो आणि मधली पानं सुटतात. तिसऱ्या महिन्यात सुटली. त्याचं एवढं वाटलं नाही, पानं चिकटवता येतात.

‘खेळतो’ही एक वेळ चालवून घेता येतं. मराठीत ‘मी’ म्हणणाऱ्यालाही वर्तमानकाळात स्वतःचं लिंग सांगावं लागतं, इंग्रजीत लागत नाही. त्यामुळे इंग्रजी साच्यावरून केलेल्या पुस्तकात ही चूक ठरलेलीच. वाचणारा मोठ्याने ‘खेळते’ म्हणू शकतो, आणि चार वर्षांची मुलगी स्वतःच दुरुस्त करते. ‘ओवी ला’, ‘अर्णव ने’ असे सुटे पडलेले प्रत्ययही वाचताना जोडून घेता येतात. पण ‘मी रागीट आहे’ हे वाक्य सोडून देण्यासारखं नाही.

मराठीत राग येतो. रडू येतं, हसू येतं, कंटाळा येतो. भीती वाटते, लाज वाटते, वाईट वाटतं. माणूस ‘मला’ म्हणून एका बाजूला असतो आणि भावना त्याच्याकडे येते. आलेलं जातं, हे तीन वर्षांच्या मुलाला पाहुण्यांवरून आणि पावसावरून ठाऊक असतं. म्हणून ‘मला राग आलाय’ म्हणणाऱ्या मुलाला थोड्या वेळाने ‘गेला का?’ असं विचारता येतं, आणि ते खरंच आत डोकावून बघतं: ‘थोडा आहे.’ ‘मी रागीट आहे’ नंतर विचारायला काही उरत नाही. रागीट हा स्वभाव झाला, उंच किंवा सावळा असावा तसा. हे पान रोज वाचल्यावर दोन आठवड्यांत एका मुलाने दुसऱ्याचे ठोकळे पाडून, ‘मी रागीट आहे ना,’ असं कारण दिलं. पुस्तकाने त्याला रागाचं नाव शिकवायचं होतं. त्याऐवजी त्यालाच ते नाव देऊन टाकलं. ‘मी दुःखी आहे’, ‘मी घाबरट आहे’ याचीही तीच तऱ्हा. पुस्तक विकत घेण्यापूर्वी नमुन्याची पानं दाखवत असतील तर नाव कसं छापलंय ते नंतर बघा. आधी भावनेचं पान काढा आणि वाक्य ‘मला’ने सुरू होतंय की ‘मी’ने ते बघा.

दुसरी अडचण भावनांच्या यादीची. आनंद, दुःख, राग, भीती, एवढ्यावर तयार पुस्तक संपतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा दिवस ज्यांत जातो ती रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं यात नाहीतच. एका पुस्तकात रुसलेल्या मुलाच्या चित्राखाली ‘दुःख’ लिहिलंय. रुसायला समोर आपलं माणूस लागतं, भिंतीवर कोणी रुसत नाही. रुसलेल्या मुलाला कोणीतरी येऊन समजूत काढायला हवी असते, आणि हिरमुसलेल्याला, म्हणजे हौसेने चित्र दाखवायला नेलं आणि कोणी बघितलंच नाही अशा मुलाला, ते चित्र नीट बघणारं कोणी हवं असतं. दोघांना ‘दुःख’ म्हटलं की मोठ्या माणसालाही काय करायचं ते कळत नाही. नात्यांचंही तसंच. साच्यात एकच आजी. मुलाला मात्र दोन असतात, एक घरातली आणि एक साताऱ्याची, आणि दोघींशी त्याचं वागणं वेगळं असतं.

म्हणून हाताने केलेलं पुस्तक. याची शिस्त कॅरोल ग्रे यांच्या ‘सोशल स्टोरीज’ पद्धतीतून, म्हणजे एखादा प्रसंग मुलाला समजावणाऱ्या छोट्या गोष्टींच्या पद्धतीतून घेतली आहे. मिशिगनमधल्या शाळांत ऑटिझम असलेल्या मुलांसाठी काम करताना त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली. तिचे दोन नियम सगळ्याच लहान मुलांना लागू पडतात. पहिला: काय घडतं आणि कोणाला काय वाटतं हे सांगणारी वाक्यं, काय करावं हे सांगणाऱ्या वाक्यांच्या निदान दुप्पट असायला हवीत. दुसरा: मुलासाठी लिहिलेल्या गोष्टींपैकी निदान निम्म्या, मूल जे आधीच छान करतं त्याबद्दल हव्यात. दुसरा नियम सगळे विसरतात. मग पुस्तक बाहेर काढलं की ‘आपलं काहीतरी चुकलं’ हे मूल ओळखतं आणि पाठ फिरवतं.

नवीन भावंड आलेल्या मुलीसाठीची आठ पानं अशी: ‘घरी बाळ आलंय. बाळाला बोलता येत नाही, म्हणून ते रडून सांगतं. आई बाळाला पाजते तेव्हा मला थांबावं लागतं. थांबताना कधीकधी मला राग येतो. राग आला की माझ्या मुठी घट्ट होतात. आईला कळतं, मला राग आलाय. मी आईच्या पाठीला टेकून बसू शकते. बाळ झोपलं की बहुतेक वेळा आई मला जवळ घेते.’ आठ वाक्यांत करण्याचं एकच, तेही ‘शकते’ म्हणून. ‘मी बाळाला मारणार नाही’ हे वाक्य मुद्दाम नाही. ते असलं की मुलाच्या डोक्यात मारणं तेवढं राहतं. ‘बहुतेक वेळा’ही काढू नका. आधीच्या प्रतीत ते नव्हतं, आणि आई स्वयंपाकात अडकली त्या दिवशी मुलीने पुस्तक आणून तेच पान पुढे धरलं.

बनवायची कृती. ए-फाइव्ह आकाराची पानं, एका पानावर एकच वाक्य, अक्षर २४ ते २८ पॉइंट. मुक्ता किंवा बालू हे फुकट मिळणारे टंक चांगले, त्यात जोडाक्षरं तुटत नाहीत. एका ए-फोर कागदावर दोन पानं बसतात, म्हणजे आठ पानांना चार रंगीत प्रिंट. आधी पानं चारही बाजूंनी जरा लहान कापायची, मग लॅमिनेशनच्या एका पाऊचमध्ये दोन पानं मध्ये बोटभर जागा सोडून ठेवायची आणि लॅमिनेशन झाल्यावर त्या जागेतून कापायचं. अख्खा कागद लॅमिनेट करून मग कापला तर कड उघडी राहते, पाणी आत शिरतं आणि महिन्याभरात पान फुगतं. चकचकीत पाऊचवर ट्यूबलाइटचा झोत पडून चेहराच दिसत नाही, मॅट मागा. कोपरे गोल करा, टोचतात. बांधायला स्पायरल नको, मुलं तार ओढून काढतात. दोन सुट्या रिंगा घाला, म्हणजे वर्गातल्या ताई बदलल्या तर तेवढं एक पान बदलता येतं. चार प्रिंट चाळीस रुपये, चार पाऊच एकशेवीस, रिंगा वीस. एकशेऐंशीत पुस्तक. तयार पुस्तकाच्या पैशांत अशी चार होतात, आणि चार वेगळ्या गोष्टींची.

प्रत्येक पानाबद्दल वाचणाऱ्यासाठी एक प्रश्न आधीच्या पानाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, पहिल्या पानाचा शेवटच्या पानामागे. वाचून झालेली पानं रिंगांवरून मागे वळवून पुस्तक मुलांकडे धरलं की तो आपल्याला दिसतो. ‘तुला राग येतो का?’ असा हो-नाहीचा प्रश्न नको. ‘राग आला की हिच्या हातांचं काय होतंय?’ असा असावा. मूल शांत असताना, दिवसातून एकदा, जमल्यास ठरावीक वेळी वाचायचं. हातपाय आपटणाऱ्या मुलासमोर पुस्तक उघडलं तर ती शिक्षा होते. दोन आठवडे रोज वाचून मग एक दिवसाआड करायचं. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर बहुधा आपलं कारणच चुकलेलं असतं. आपण राग समजलो आणि मूल रुसलं होतं, असं निघतं.

पहिले चार महिने मत असं होतं की प्रत्येक पानावर मुलाचं नाव आणि फोटो हवाच. सहाव्या महिन्यात ते बदललं. चावणं, चड्डी ओली होणं, ढकलणं अशा विषयांत स्वतःचा चेहरा दिसला की मूल ओशाळतं, मान खाली घालतं आणि ऐकायचं थांबतं. वर्गात वाचलं तर बाकीची त्याला चिडवतात. मग पात्र म्हणून ससा घ्यावा असं सुचतं, पण तेही तपासून बघावं. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या २०१८ साली छापून आलेल्या प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली होती. पात्रं माणसं होती तेव्हा मुलांनी नंतर जास्त स्टिकर दुसऱ्यांसाठी दिले. तीच गोष्ट प्राण्यांची केली तेव्हा तसं झालं नाही. आता अशा विषयांत माणसाचंच मूल असतं, वेगळ्या नावाचं, हाताने काढलेलं. त्याच्याकडे मात्र तोच निळा डबा, तीच साताऱ्याची आजी, तोच घसरगुंडीचा कोपरा. ऐकणारं मूल दोन-तीन वाचनांनी स्वतःच म्हणतं, ‘माझा पण डबा निळा आहे.’ ओळख त्याने द्यायची असते, आपण लादायची नाही. नाव आणि फोटो आता फक्त कौतुकाच्या गोष्टींत. रडतानाचा फोटो कुठेच नाही.

घरात साडेसातशेचं पुस्तक आधीच पडलं असेल तर टाकू नका. स्टिकर कागदावर त्याच आकारात ‘मला राग आलाय’, ‘मला भीती वाटते’, ‘मी खेळते’ छापून वाक्यांवर चिकटवा. आमच्या प्रतीत चोवीस पानांत अकरा जागा निघाल्या, दोन ए-फोर स्टिकरमध्ये काम झालं. खालचं अक्षर दिसू नये म्हणून आधी पांढरी पट्टी लावा, एका थरातून काळी शाई झिरपल्यासारखी दिसते. नववं पान चिकटवून भागलं नाही. त्यावर ‘रागीट’ हे अक्षर चित्रातल्या कपाळावरच छापलेलं आहे. ते पान ब्लेडने काढून टाकलंय.