६४ स्टेपच्या सिक्वेन्सरवर विलंबित एकताल: काही महिने वापरल्यावर

गणपतीच्या आधी सेकंडहॅन्ड घेतला होता हा आठ ट्रॅकवाला सिक्वेन्सर (आवाज ओळीने स्टेपमध्ये मांडायचे आणि तेच फिरवत राहणारा डबा), आता होळी आली, म्हणजे लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण ६४ स्टेप आणि प्रत्येक ट्रॅकला वेगळा स्पीड देणाऱ्या कुठल्याही डब्याला हे लागू पडेल.

घेताना ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं की ६४ स्टेप पुरणार नाहीत. आता १९८० च्या टीआर-८०८ ड्रम मशीनवर स्टेपची १६च बटणं होती आणि लोकांनी त्यावर काय काय केलं ते आपण ऐकतोच, पण हिशोब बघा, एका बीटला चार स्टेप, म्हणजे ६४ स्टेपचे चार-चारचे चार बार, ८० बीपीएमला (मिनिटाला ८० बीट) फक्त १२ सेकंद. टेक्नोवाल्यांना चालतं. मी दादरच्या एका गायक मित्राबरोबर वाजवतो आणि त्याला विलंबित, म्हणजे अगदी संथ ख्यालाचा ठेका पाहिजे, मिनिटाला १५ मात्रा! डब्याचा टेम्पो ३० च्या खाली जातच नाही.

मग असं केलं. टेम्पो ६० ठेवला आणि ठेक्याच्या ट्रॅकला पाव स्पीड दिला, म्हणजे एक स्टेप एक सेकंदाची. चार स्टेपची एक मात्रा, एकतालाच्या बारा मात्रांच्या ४८ स्टेप, अख्खं आवर्तन ६४ मध्ये बसून वर १६ उरल्या. आणि मजा म्हणजे तिरकिटचे चार बोल बरोबर चार स्टेपवर पडतात. इथे मी खरंच खूश झालो.

पण मात्रांच्या मधला भराव? एक सेकंदाच्या स्टेपवर भराव काय डोंबल करणार. त्यासाठी दुसरा ट्रॅक नॉर्मल स्पीडला, ६४ स्टेपचा, तो १६ सेकंदांचा होतो आणि ४८ सेकंदांच्या आवर्तनात बरोबर तीनदा फिरतो, मग समेकडे (पहिल्या मात्रेकडे) नेणाऱ्या बोलांना ‘तीनपैकी तिसऱ्या फेरीला’ ही कंडिशन लावायची की ते फक्त नवव्या ते बाराव्या मात्रेतच वाजतात. कंडिशन ट्रिग लोक रँडम हायहॅटसाठी वापरतात, माझ्या मते त्यांचा खरा उपयोग हा आहे.

रूपकला वेगळी कटकट. सात मात्रा, मात्रेला चार स्टेप, म्हणजे २८. मास्टर लेन्थ (किती स्टेपनंतर सगळे ट्रॅक पुन्हा सुरुवातीला येतात ती) ६४ राहिली तर दोन आवर्तनं नीट होतात आणि तिसरं दोन मात्रांवरच कापलं जातं, गायक आपल्याकडे बघतो, ‘अरे सम कुठे गेली तुझी?’ मास्टर ५६ करा, विषय संपला. मी मात्र मास्टर इन्फिनिटवर, म्हणजे कधीच न कापणारी ठेवतो कारण तानपुऱ्याचं सॅम्पल २३ स्टेपच्या ट्रॅकवर आहे, तानपुरा तालाला बांधलेला नसतोच, तो आपला फिरत राहिला पाहिजे. फक्त मग पॅटर्न चेंजची लेन्थ वेगळी द्यावी लागते, नाहीतर पुढचा पॅटर्न येतच नाही. एकतालाला ती १९२, कारण तिथे मोजणी नॉर्मल स्पीडच्या स्टेपमध्ये होते.

ज्यांच्या मशीनला ट्रॅकवार स्पीड नाही त्यांनी बारीक बोलांसाठी बीपीएम दुप्पट करायची जुनी युक्ती वापरावी, ८० च्या जागी १६०, स्टेप दुप्पट बारीक होतात, पण लांबी निम्मी होते आणि टेम्पोला बांधलेला डिले, एलएफओ (आवाज डोलवणारा) सगळं दुप्पट पळतं. स्विंगही भलत्याच जागी जातो. मिडी क्लॉकवर (यंत्रांना एका टेम्पोत ठेवणारा सिग्नल) दुसरं काही जोडलं असेल तर क्लॉक बीटला २४ पल्स पाठवतं, ते बिचारं १६० च समजणार, त्याचा स्पीड तिथे जाऊन अर्धा करायचा.

न सुटलेली गोष्ट एकच, लय वाढवणं. विलंबितातच लय थोडी वाढवताना नॉब हळूहळू फिरवून ६० वरून १०० पर्यंत जाता येतं, ते छान होतं, पण पुढे द्रुतसाठी वेगळाच पॅटर्न लागतो आणि तो समेवरच बदलेल, आधी नाही. गायकाला तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) घेऊन मध्येच उडी मारायची असेल तर मी हात वर करतो. १२८ स्टेपचा डिजिटाक्ट टू हा सिक्वेन्सर घेऊनही हे सुटणार नाही, म्हणून तूर्तास पैसे खिशात, आणि द्रुतला आमचा तबलजी.